दिवाळीच्या परडीतील कॉफीविषयी

नाशिक,
घटस्थापना

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. सोनपापडीचे डबे या घरातून त्या घरात फिरवण्यापेक्षा यंदा घरीच परड्या भरायच्या आणि चकली-चिवड्याच्या शेजारी चांगली कॉफी ठेवायची, हा तुझा आणि वहिनींचा बेत मला मनापासून आवडला. कोणती कॉफी घ्यावी, असे तू विचारले आहेस. तीन दिवाळ्या हा उद्योग केलेला माणूस म्हणून मी तुला उलट विचारतो, की ज्यांना परडी द्यायची आहे त्यांच्या घरी कॉफी होते कशात? बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल, की पातेल्यात, दुधात, साखर आणि जायफळ घालून, आणि तीही एकादशीला किंवा पाहुणे आल्यावर.

पहिल्या वर्षी मी हा विचार केला नव्हता. येथील एका दुकानातून हलक्या भाजलेल्या अख्ख्या बियांची महागडी पाकिटे आणली. त्यांवर संत्र्याच्या सालीचा आणि जर्दाळूचा स्वाद असल्याचे लिहिले होते. आत्याने त्या बिया मिक्सरच्या ज्या भांड्यात दळल्या, त्यात आदल्या दिवशी गोडा मसाला झाला होता, त्यामुळे त्यांच्या कॉफीला दगडफुलाचा वास आला. मावसभावाने भांडे स्वच्छ धुऊन सगळे नीट केले, पण दूध पडताच त्याची कॉफी आंबट आणि पाणचट लागली. ‘छान होती’ असे दोघांनीही सांगितले खरे, परंतु पाडव्याला मावसभावाकडे गेलो तेव्हा माझ्यापुढे चहा आला आणि मी काय ते समजलो.

दोष बियांचा नव्हता. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. हलक्या भाजलेल्या अरेबिकात फळासारखा आंबटपणा शिल्लक राहतो आणि काळी कॉफी पिणाऱ्याला तोच हवा असतो. आपल्या म्हशीच्या दुधापुढे मात्र तो टिकत नाही. दुधासाठी मध्यम किंवा त्याहून थोडी गडद भाजलेली, आणि अरेबिकात थोडा रोबस्टा मिसळलेली कॉफी घ्यावी. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, चव कडवट असते आणि पेयाला दाटपणा येतो. जाणकार त्याला नाक मुरडतात. पण चार भाग अरेबिकाला एक भाग रोबस्टा घातल्यावर जायफळाची कॉफी जशी उतरते, तशी निव्वळ अरेबिकाची माझ्या हातून कधी उतरली नाही.

कॉफीत मिसळतात त्या चिकोरीचे प्रकरण निराळे आहे. चिकोरी हे भाजून दळलेले मूळ आहे, त्यात कॅफीन अजिबात नसते. रंग आणि कडवटपणा मात्र भरपूर येतो, शिवाय ती स्वस्त पडते. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा आपल्याकडे नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते प्रमाण बारीक अक्षरांत असते, म्हणून दुकानात जाताना चष्मा विसरू नकोस. ८०-२० पर्यंतचे मिश्रण दुधात चांगले लागते, परंतु ५३-४७ असे मिश्रण कॉफी म्हणून भेट देण्यास माझे मन धजत नाही.

आता गावांच्या नावांविषयी. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुदनगिरी आणि अराकू खोरे येथील अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पाकिटावर यांतील नाव असेल तर ते निव्वळ सजावटीचे नसते. दुधाची कॉफी पिणाऱ्या पण आंबटपणा न सोसणाऱ्या मंडळींसाठी मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी पाहा. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कित्येक महिन्यांच्या प्रवासात दमट हवेने बिया फुगत, फिकट होत आणि त्यांचा आंबटपणा जाई. युरोपातील गिऱ्हाइकांना ती चव इतकी आवडली, की पुढे प्रवास लवकर होऊ लागल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारे खेळवून मुद्दाम तसा माल तयार करू लागले. मी प्रत्येक परडीत अशी एखादी हकीकत हाताने लिहून चिठ्ठी ठेवतो. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया लपवून आणल्या, ही दंतकथा आमच्याकडे सर्वांत लोकप्रिय ठरली. तू तर अमरावतीकर; चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हे तुझ्या चिठ्ठीत आलेच पाहिजे.

एवढे सगळे जमले, तरी कॉफी शिळी असेल तर सारे मुसळ केरात. पाकिटावर पॅकिंगची नव्हे, भाजल्याची तारीख शोध. भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. म्हणूनच चांगल्या पाकिटाला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी छोटी झडप असते. वसुबारसेच्या आठवडाभर आधी भाजलेली आणि परड्या भरण्याच्या आदल्या दिवशी दळलेली कॉफी सर्वांत उत्तम. दळताना दुकानदार ‘कशासाठी?’ असे विचारील; पातेल्यात उकळून गाळणार असतील तर जाडसर आणि स्टीलच्या फिल्टरसाठी त्याहून बारीक, असे सांग. एका कपाला साधारण १० ग्रॅम धरले, तर २०० ग्रॅमच्या पुड्यात वीस कप होतात. त्याहून मोठा पुडा देऊ नये, कारण उघडल्यावर दळलेल्या कॉफीचा दरवळ झपाट्याने जातो.

काचेच्या बरण्यांचा मोह गतवर्षी मलाही झाला होता. दिसतात सुरेख, पण उजेड कॉफीला मानवत नाही. मी आता झडपेचे पाकीट तसेच ठेवून ते भांडी बाजारातून आणलेल्या छोट्या स्टीलच्या डब्यात घालतो. कॉफी भोवतालचे वास ओढून घेते, तेव्हा चिवड्याची पिशवी पक्की बंद कर. सोबत एक अख्खे जायफळ देतो, तेही वेगळ्या पुडीत बांधून. बुरडाकडच्या परड्या मात्र आताच सांगून ठेव, दसऱ्यानंतर त्या हव्या त्या मापाच्या मिळत नाहीत.

कोणाकडे फिल्टर आहे, कोण काळी पितो आणि कोणाला चिकोरी चालते, एवढी यादी कोजागरीपर्यंत पाठव, म्हणजे माझ्याबरोबर तुझीही कॉफी दळून घेतो आणि कुरिअरने धाडतो. आत्यांसाठी या वेळी दळलेलीच ठेवली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद