सूचना : पावसाआधीची कामं

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता देवळासमोर जमायचं आहे. कोयता, फावडं, घमेलं आणा. मोरीत झावळ्या आणि गाळ अडकलाय. तो काढला नाही तर वहाळाचं पाणी खालच्या घरांत शिरणारच. घरटी एक माणूस हवा.

दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत दरड कोसळली, ते विसरू नका. वरच्या उतारावर नवी भेग दिसली, झाड कललं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर आधी घराबाहेर पडा आणि मग फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. भांडीकुंडी राहू देत. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना कोण आणणार, हे रविवारीच नावानिशी ठरवू. अशा वेळी आसऱ्याला शाळा उघडता यावी म्हणून तिची दुसरी चावी गुरवांकडे ठेवली आहे.