त्या डांगराचे पैसे मी देणार नाही

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

हे सगळं घरी येऊन सांगता आलं असतं. पण तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही "बस, चहा टाकते" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. शिवाय आमची नामुष्की चारचौघांत झाली होती, तेव्हा आभारही चारचौघांतच मानावेत असं वाटलं.

आमचा छापखाना कसा बसला, ते नगरात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 2020 मध्ये लग्नं 50 माणसांत उरकायला लागली, पत्रिका मोबाइलवर गेल्या आणि ते काम पुन्हा पूर्वीसारखं आलंच नाही. मशीन गेलं, कर्ज राहिलं. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. वर्गणी थकली तेव्हा थकबाकीदारांची यादी देवळाच्या फळ्यावर लागली आणि त्यात माझं नाव ठळक अक्षरात होतं. यादीत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. छापखानेवाल्याची नजर आधी तिकडेच गेली, काय करणार! एका जाणत्या पंचांनी बाजूला घेऊन विचारलं, "घरात कौटुंबिक प्रार्थना नियमित होते ना?" म्हणजे धंदा बुडाला तो आमची प्रार्थना कमी पडली म्हणून. पुढे एका आशीर्वाद सभेला गेलो. बाहेरगावच्या उपदेशकांनी सांगितलं की आधी देवासाठी पेरा, मग शंभरपट कापा. हिने पर्समध्ये होतं नव्हतं ते पाकिटात घातलं. रिक्षाला पैसे उरले नाहीत, म्हणून पोरांना घेऊन घरापर्यंत चालत आलो. या सगळ्यांचा देव मला आमच्या सावकारासारखा वाटायला लागला होता. दारात उभा, हातात वही, आणि "मागचं कधी देतोस?"

अशात उपकारस्तुतीचा सण आला. मी जाणार नव्हतो, पोरांच्या हट्टापायी गेलो. ज्यांनी हा सण पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातलं, परड्यातलं, स्वयंपाकघरातलं जे असेल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना झाली की मंडपात त्याचा लिलाव होतो. ज्वारीची कणसं, पेरू, केक, अंडी, पाय बांधलेला गावठी कोंबडा. एखादं लिंबू कुणीतरी घेतं, लगेच परत लिलावाला देतं, दुसरा ते चढ्या भावाने घेतो आणि तोही परत देतो. अशा त्या एका लिंबावर मंडळीचे चांगले पैसे जमतात. हसणं, ओरडणं, एकमेकांची उणीदुणी काढणं, सगळी मजा असते. खिशात पैसे असतील तर.

मी मागे खांबाजवळ उभा होतो. धाकटीला एक डांगर आवडलं होतं. चांगलं थोरलं, खोल रेघांचं, देठाला वाळक्या वेलाचा तुकडा तसाच लोंबत असलेलं. "पप्पा, बोला ना, बोला ना!" मी फोन आल्यासारखं केलं. बोली वाढत चालली होती आणि वाढवत होते तेच प्रार्थनेची चौकशी करणारे पंच. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून तुमचा आवाज आला. त्यांनी वाढवलं, तुम्ही वाढवलं. त्यांनी पुन्हा वाढवलं, तुम्ही पुन्हा. सिस्टरची नोकरी करून निवृत्त झालेली बाई, पेन्शनीत घर चालवते, हे सगळ्या मंडपाला माहीत. शेवटी पंचांनी हात जोडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, तुम्ही ते परत लिलावाला द्याल. तुम्ही ते कमरेवर घेतलंत आणि त्या दुखऱ्या गुडघ्याने, खुर्च्या सरकवत, लोकांना "हो बाजूला" म्हणत खांबापर्यंत आलात. डांगर धाकटीच्या हातात दिलंत. वजनाने ती मटकन खालीच बसली. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "मावशी, पुढच्या महिन्यात देतो पैसे."

तुम्ही म्हणालात, "भरलेले पैसे परत कसले भरतोस? मग मी दिलं काय?"

आणि लगेच पाठ फिरवलीत, कारण समोर कोंबड्याची बोली सुरू झाली होती.

आधी ही हसली. मग मी. हिला तशी हसताना पाहून किती दिवस झाले होते ते आठवेना. त्या डांगराची भाजी झाली, घारगे झाले, उरलेलं थालीपिठात गेलं. प्रत्येक जेवणाला पोरं तुमच्या आणि पंचांच्या लिलावाची नक्कल करायची.

मावशी, दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होण्याआधीच्या शिकवणीत, बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय मी घडाघडा म्हणून दाखवला होता. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होतं, ते देवाचं दान आहे, ते कर्मांनी मिळत नाही. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली होती. पण पाठ असलेली कृपा आणि हातात पडलेलं डांगर यात फरक असतो. "पुढच्या महिन्यात देतो" हेच मी देवालाही म्हणत होतो. जरा सावरू दे, मग प्रार्थना वाढवीन, वर्गणी भरीन, मग तुझ्यासमोर ताठ उभा राहीन. त्याने भरून टाकलेलंच मी हप्त्याहप्त्याने फेडायला निघालो होतो. मग आनंद कुठून होणार?

नंतर तुम्ही तुमच्या पणजीची गोष्ट सांगितलीत. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशन आश्रमात आणलेली पोर. "तिने बाईंना काय दिलं होतं? खाणारं एक तोंड तेवढं घेऊन आली," असं म्हणून तुम्ही खदखदून हसलात. मग मी रमाबाईंची साक्ष, म्हणजे त्यांनी लिहिलेली आपल्या श्रद्धेची कहाणी, काढून वाचली. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडातला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर उमगलं, असं त्या स्वतःच सांगतात. विद्वानांच्या सभा जिंकलेल्या बाईंना तारण फुकट आहे हे पटायला इतकी वर्षं लागली. माझी चाळिशी उलटली तर नवल काय?

कर्ज फिटलेलं नाही, हेही सांगून टाकतो. हप्ते चालू आहेत. मी आता दुसऱ्याच्या छापखान्यात कामाला जातो. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा," हे प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलं. पूर्वी ते वाचलं की ओशाळायला व्हायचं, आनंदाची वर्गणीसुद्धा थकली आपली! आता तसं होत नाही. देवाकडे मागूनही त्याच्या "शरीरातला काटा", म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघाला नव्हता. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं होतं, आणि ते त्याला पुरलं.

पंचांवर माझा राग होता, तो बराच उतरलाय. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊही, सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी घरात गाणं-बजावणं चाललेलं असताना अंगणात हिशेब मांडत उभा राहतो. त्यालाही आत बोलवायला बाप स्वतः बाहेर येतोच. फळ्यावरची यादी मात्र काढायला हवी, हे माझं मत कायम आहे.

आणि कृपा काही देवळाच्या आवारातच राहते असंही नाही. आमचे कागदवाले शेठ ख्रिस्ती नाहीत. मशीन विकल्याचं कळल्यावर त्यांनी उधारीची वही माझ्यासमोर मिटली आणि "जमेल तसं" एवढंच म्हणाले. देताना समोरच्याला खाली बघायला न लावणारी माणसं सगळीकडे आहेत. त्यांचा गाजावाजा होत नाही, इतकंच.

तर मावशी, त्या डांगराचे पैसे मी देणार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की तेवढं कळवा. रिक्षा मी आणतो, डबा ही करील. नको म्हणायचं नाही.

तुमचा,
खांबाजवळचा छापखानेवाला