बंदूक ऑनलाइन घेतली तरी टॅक्स दुकानाएवढाच हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागे अमेरिकेतल्या बंदुकांवर एक लेख आला होता, त्यात सहज म्हणून एक वाक्य होतं, की इथे लोक दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन बंदूक मागवतात, ती घरपोच येते आणि वर टॅक्सही भरावा लागत नाही. वाचून आधी हसू आलं, मग जरा रागच आला. मी मूळची मिरजेची, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते आणि चार-पाच छोट्या दुकानांचे हिशोब बघते, त्यातलं एक दुकान बंदुकांचं आहे. (आईला हे अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं सगळी किराणा आणि सलूनच आहेत.)

पहिलं म्हणजे घरपोच वगैरे काही नाही. 1968 च्या फेडरल कायद्यामुळे दुसऱ्या राज्यातला विक्रेता बंदूक थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवू शकत नाही, ती इथल्या लायसन्सवाल्या डीलरकडेच यावी लागते. पैसे वेबसाइटला जातात, खोका आमच्या दुकानात येतो. मग मालक चष्मा कपाळावर सरकवून बंदुकीवरचा सिरियल नंबर बिलाशी ताडून बघणार, आवक-जावक रजिस्टरात चढवणार, गिऱ्हाईक येऊन 4473 नावाचा फॉर्म भरणार, त्याचं नाव एफबीआयच्या सिस्टिममध्ये तपासायला जाणार, तिकडून हो आलं की मगच माल हातात. या सगळ्या उस्तवारीचे मालकाला मिळतात तीसेक डॉलर. फॉर्ममध्ये काही चुकलं तर ऑडिटला उत्तर द्यायला पण तोच.

आता टॅक्सचं. आमच्याकडे राज्याचा सेल्स टॅक्स 6.25 टक्के आणि गावाचा वगैरे धरून जास्तीत जास्त 8.25. म्हणजे सहाशे डॉलरचं पिस्तूल दुकानात घेतलं तर वर 49.50 डॉलर. तेच बाहेरच्या राज्यातून मागवलं तर पूर्वी बिलावर टॅक्स शून्य यायचा. कारण 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने क्विल नावाच्या कंपनीच्या केसमध्ये सांगितलं होतं, की ज्या विक्रेत्याचं त्या राज्यात दुकान नाही, गोडाऊन नाही, माणूस नाही, त्याच्यावर टॅक्स गोळा करायची सक्ती करता येत नाही. पण याचा अर्थ टॅक्स माफ होता असा अजिबात नाही हो! तो गिऱ्हाइकाने स्वतःहून राज्याला भरायचा होता, त्याला यूज टॅक्स म्हणतात. भरत कोण होतं? माझ्या ओळखीत तरी कोणी नाही. आपण तरी काय वेगळे, आमच्या बाबांनी एकदा कोल्हापूरहून मिक्सर आणला तो जकात नाक्यावर दिसू नये म्हणून चादरीत गुंडाळून आईच्या पायाशी ठेवला होता आणि नाका मागे पडेपर्यंत गाडीत कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

तर 21 जून 2018 ला साऊथ डकोटा विरुद्ध वेफेअर ह्या केसमध्ये कोर्टाने तो जुना निकाल फिरवला, म्हणजे राज्यात दुकान-गोडाऊन नसलेल्या विक्रेत्यालाही राज्य टॅक्स गोळा करायला लावू शकतं. वेफेअर म्हणजे बंदुकावाली नाही, सोफे-दिवे विकणारी कंपनी. निकाल 5 विरुद्ध 4, आणि गंमत बघा, ज्या उजव्या विचारांच्या जस्टिस थॉमस आणि उदारमतवादी जस्टिस गिन्सबर्ग यांचं एरवी क्वचितच जुळायचं ते दोघंही इथे एकाच बाजूला. साऊथ डकोटाचं दुखणं साधं होतं, तिथे पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, टेक्सासातही नाही, मग राज्य चालायचं ते सेल्स टॅक्सवरच, आणि सगळी खरेदी ऑनलाइन गेली तर तिजोरीत येणार काय?

इथे मात्र आमच्या मराठी ग्रुपवर सुद्धा लोक ऑनलाइन बंदुकीवरच्या ह्या सेल्स टॅक्सला ‘गन टॅक्स’ म्हणतात, सरकार बंदूकवाल्यांच्या मागे लागलंय म्हणतात, म्हणून हे पत्र लिहावंसं वाटलं. हा टॅक्स सोफ्यावर आहे, शर्टावर आहे, बंदुकीवरही आहे, दर तोच. खास बंदुकीवरचे टॅक्स वेगळे आहेत. एक फेडरल, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर 10 टक्के आणि बाकी बंदुका-गोळ्यांवर 11, तो कंपनीच भरते आणि किमतीत मुरवते म्हणून बिलावर दिसत नाही, आणि 1937 च्या कायद्याने तो पैसा जातो वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला. शिवाय कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2024 पासून आणखी 11 टक्के लावले, कोलोरॅडोत लोकांनीच मतदान करून 6.5 टक्के आणले. ह्यावर भांडायचं तर जरूर भांडा, माझंही मत धड ठरलेलं नाही. उलट फ्लोरिडाने 2025 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर बंदुकांवरचा सेल्स टॅक्सच माफ केला, ते मला अजिबात पटलं नाही, वह्या-पुस्तकांना सूट समजू शकते, पण पिस्तुलाला सणाची सूट कशाला?

खरं पाणी मुरतं ते दुसरीकडेच. टेक्सासात 2019 च्या ऑक्टोबरपासून नियम असा, की बाहेरच्या विक्रेत्याची इथली वर्षाची विक्री पाच लाख डॉलरच्या आत असेल तर त्याने टॅक्स गोळा नाही केला तरी चालतं. मोठ्या साइट्स चेकआउटलाच कापून घेतात, पण एखादा लहान विक्रेता शून्य टॅक्स लावून माल पाठवतो आणि बाकीचं गिऱ्हाइकाच्या इमानदारीवर. परवा असाच एकजण फोनवरचं बिल नाचवत आला, बघा तुमच्यापेक्षा कसं स्वस्त पडलं म्हणून, आणि त्याच तोंडाने तीस डॉलरचे वीस करा म्हणून घासाघीस करायला लागला. मालकाने काही न बोलता दोरीला बांधलेलं पेन त्याच्यापुढे सरकवलं. तो स्वतः त्याच गावात दर महिन्याला सेल्स टॅक्स भरतो, एक दिवस उशीर झाला तर दंड लागतो, तो चेक मीच बनवते म्हणून मला माहीत.

माझं म्हणणं एवढंच की ती पाच लाखांची सूट बंदुकांपुरती तरी काढावी. सोफ्याचा माग काढणं अवघड असेल, पण बाहेरून आलेली प्रत्येक बंदूक कोणत्या तरी काउंटरवर, कोणत्या तरी रजिस्टरात नंबरासकट चढतेच, तिथेच गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायला काय हरकत आहे? मालकाला विचारलं तर तो म्हणाला, अजून एक फॉर्म वाढवू नकोस बाई. त्याचंही खरं आहे, पण मग त्या कामाचे चार पैसे राज्याने त्याला द्यावेत.

आणि तेवढं ‘घरपोच’ दुरुस्त करून छापा, म्हणजे झालं.

आपली,
एक वाचक, डॅलसजवळ, टेक्सास