शस्त्रक्रियेआधीचा उपास आणि पोटातील आम्ल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये नसबंदी किंवा दातांच्या शस्त्रक्रियेसाठी कुत्रे घेऊन येणारे अनेक पालक "कालपासून पाण्याचा थेंबही दिलेला नाही" असे अभिमानाने सांगतात. उपास जितका लांब तितकी भूल सुरक्षित, शिवाय भुलेत पोटाचे कामही थांबते, असा त्यामागचा समज असतो, आणि तो निम्माच खरा आहे.

भुलेच्या अनेक औषधांनी जठरातील आम्लाचा स्राव मंदावतो, हे खरे. युरेथेन हे भुलेचे औषध दिलेल्या उंदरांत सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक वाढून आम्लाला लगाम बसतो. पचनावरील कार्यासाठी १९०४ मध्ये नोबेल मिळवणारे पाव्हलोव्ह शस्त्रक्रियेतून पूर्ण बऱ्या झालेल्या, शुद्धीतल्या कुत्र्यांवर निरीक्षणे करीत, ते यासाठीच; भुलेखालच्या जनावराचे जठर नेहमीसारखे वागत नाही. परंतु स्राव मंदावला तरी आधीच साठलेले आम्ल कुठे जात नाही. भुलेमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावते आणि ते वर चढते. अ‍ॅट्रोपीनचे उदाहरण बोलके आहे: हे औषध मेंदूकडून जठराकडे येणाऱ्या व्हेगस चेतेचा (मज्जातंतूचा) संदेश अडवून आम्ल कमी करते आणि त्याच वेळी ती झडपही ढिली करते. जनावर बेशुद्ध असल्याने ते गिळून अन्ननलिका धुऊन काढू शकत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला बहुधा काहीच दिसत नाही.

उपास फार लांबवल्याने हा धोका टळत नाही. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी प्रौढ कुत्र्या-मांजरांसाठी ४ ते ६ तासांचा उपास सुचवला आहे, तर अगदी लहान पिल्लांसाठी १ ते २ तासांहून अधिक नाही, कारण त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. पाणी तर तोडायचेच नसते. (गाई-म्हशींचा हिशेब निराळा, त्यांच्या पोटात आंबण्याची क्रिया भुलेतही चालूच राहते आणि पोट फुगते.)

म्हणून शहरातील पशुवैद्यकांना विनंती, की "रात्रीपासून उपाशी ठेवा" एवढ्या तोंडी सूचनेऐवजी वय, वजन आणि आजार पाहून उपासाचे तास चिठ्ठीवर लिहून द्यावेत. त्याच चिठ्ठीत आणखी एक ओळ हवी: शस्त्रक्रियेनंतरच्या एक ते तीन आठवड्यांत जनावर खाल्लेले लगेच बाहेर टाकू लागले, तर ते अपचन समजून घरगुती उपाय न करता, वर चढलेल्या आम्लाने पोळून अन्ननलिका अरुंद झाली आहे का, याची तपासणी करून घ्यावी.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नाशिक