पोरगी काय करते, असं कुणी विचारलं तर

ऑकलंड,
१४ जुलै

ती. अप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. अप्पा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत आणि आई मध्येच 'जेवलीस का' विचारते. म्हणून लिहितेय. इथं जुलै म्हणजे ऐन हिवाळा. टॅटूच्या स्टुडिओत गिऱ्हाईक कमी आहे, त्यामुळं वेळ मिळाला.

अप्पा, गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "लोक विचारतात पोरगी काय करते, काय सांगू त्यांना?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणालात, "जत्रंत बसून गोंदतात त्यांचं काम ते." मला राग आला. माझ्यापेक्षा त्या जत्रेतल्या माणसासाठी जास्त आला.

जोतिबाच्या यात्रेत तो बसायचा, आठवतंय? नक्षीचे नमुने चिकटवलेला पुठ्ठा, बॅटरीवर घरघरणारं मशीन. तुम्ही नारळ-गुलाल घ्यायला गेलात की मी त्याच्यापुढं उभी. मला शाळेत खोडरबराशिवाय एक धड रेघ येत नव्हती आणि हा बाबा हलणाऱ्या मनगटावर भराभर नावं काढायचा. विजेवर चालणाऱ्या गोंदणाच्या मशीनचं पेटंट १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं घेतलं. यात्रेतलं ते मशीन आणि माझ्या टेबलावरचं हे, दोन्ही सुई खालीवर करण्याचंच काम करतात. फरक आहे तो स्वच्छतेत. त्याची एकच सुई दिवसभर सगळ्यांच्या हाताला लागायची. इथं सीलबंद पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचं आणि काम झालं की सुई जाड पिवळ्या डब्यात टाकायची, ती पुन्हा कुणाला लागत नाही. धंद्याला काउन्सिलचा परवाना लागतो. आई, कावीळ आणि एचआयव्हीची तुझी भीती खोटी नाही, पण त्याचा बंदोबस्त आहे.

आणि हात तर तुमचाच आलाय अप्पा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मला ए ग्रेड मिळाली तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटले होते, ते का म्हणून? मी चौथीत असल्यापासून तुमच्या पाट्यांवर सूत मारायला दोरीचं दुसरं टोक धरायची. रेघ ओढताना श्वास सोडायचा, कोंडून धरला की हात थरथरतो, हे तुम्ही शिकवलंत. पुढं फ्लेक्स आले आणि तुमच्या ब्रशला काम उरलं नाही. तेव्हाच तुम्ही ठरवलंत, पोरीनं कॉम्प्युटरवरचं डिझाईन शिकावं. शिकले. इथं येऊन त्यातच नोकरीही केली. दिवसभर दुसऱ्यांनी काढलेली चित्रं इकडून तिकडं सरकवायची, पगार चांगला आणि संध्याकाळी हात रिकामेच. मग एका स्टुडिओत फरशी पुसण्यापासून सुरुवात केली. बरेच महिने नुसती सिलिकॉनची नकली कातडी गोंदत होते, ते तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही तिकीट काढून बोलावून घेतलं असतं.

कातडी हा भारी अवघड कागद आहे. वरचा थर सारखा झडत असतो, म्हणून शाई त्याच्या खाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर आत बसवायची. वर राहिली तर उडून जाते, फार खोल गेली की रेघ फुटते आणि कडेनं निळसर डाग पसरतो. खोली मोजायला काही नसतं. डाव्या हातानं कातडी ताणायची, मशीनचा आवाज कसा बदलतो ते ऐकायचं. परवा एक फिजीकडची भारतीय वंशाची शिक्षिका आली होती. तिला बरगडीवर इथल्या कोवाई झाडाची फुलं हवी होती, पिवळीधमक. बरगडीची कातडी श्वासागणिक हलते. तिनं श्वास सोडला की मी रेघ ओढायची, तिनं घेतला की थांबायचं. आम्ही दोघी एका लयीत श्वास घेत होतो म्हणा ना. आणि पिवळा रंग आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर भरून आल्यावर मळकट दिसतो, कारण रंग कातडीच्या रंगाखालून दिसतो. म्हणून कडा गडद घेतल्या आणि पिवळ्याच्या जागी नारिंगी भरला. गोऱ्या कातडीवर शिकलेल्या पुष्कळांना हे पटकन सुचत नाही. म्हणून सावळी माणसं मला शोधत येतात.

आता कमीपणाचं. इथं सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटांवरची माणसं खूप आहेत. त्यांच्यात कंबरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदून घेणं हा पुरुषाचा मोठा मान, बायकांचं गोंदण मांड्यांवर, निराळं. पूर्वी हाडाचे दाते कोरलेली फणी असायची, ती लाकडी दांडक्यानं ठोकत गोंदायचं. ठोकायची पद्धत अजून तीच आहे. दोघं बाजूला बसून कातडी ताणतात, घरची माणसं उशाशी बसतात. अर्ध्यात सोडलं तर जन्मभराची नामुष्की. मिशनऱ्यांनी पुष्कळ विरोध केला तरी हे बंद पडलं नाही. आणि गोंदणारा? सुलुआपेंसारखी घराणी आहेत त्यांची, हा वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालवणारी. त्यांच्यापुढं कुणी 'जत्रेतलं काम' म्हणून दाखवावं!

माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळचे लोक, त्यांच्या बायकांच्या हनुवटीवर गोंदण असतं. ननाया महुता नावाच्या खासदारबाईंनी २०१६ साली ते करून घेतलं आणि २०२० मध्ये त्या याच चेहऱ्यानं देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. एअर न्यूझीलंडनंही २०१९ पासून कर्मचाऱ्यांना दिसणारे टॅटू चालतील म्हणून सांगितलं. तेव्हा 'गोंदलेल्याला नोकरी कोण देणार' हा काकांचा मुद्दा निदान इथं निकालात निघालाय.

हनुवटीचं ते काम मी करत नाही. त्यात त्या बाईचं कूळ, वंश सगळं येतं, ते बाहेरच्यानं काढायचं नसतं. कुणी विचारलंच तर माओरी कलाकाराचा पत्ता देते. पण दर वेळी आज्जी आठवते. तिच्या हनुवटीवरचे ते ठिपके, हातावरची तुळस आणि विंचू. "दागिनं हितंच ऱ्हात्यात, गोंदण तेवढं संगं येतं," असं ती म्हणते. तिच्या पिढीनंतर आपल्या घरात कुणाच्याच हातावर काही नाही. आई, तूही लग्नाआधी नको म्हणालीस. आणि कुणी ते कागदावर उतरवूनही ठेवलेलं नाही.

म्हणून अप्पा, एक काम सांगते, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. दुकानातून बटर पेपर आणा. आज्जीचा हात उशीवर सैल ठेवायला सांगा, कातडी ओढू नका, नाहीतर तुळस रुंद येईल. वर कागद ठेवून बारीक पेनानं जसंच्या तसं उतरवा. वयानं रेघा पसरल्यात, त्या आपल्या मनानं सुधारू नका, तुम्हाला मोह होईल. मूळ रेघ कुठं असेल ते दुसऱ्या कागदावर वेगळं काढा. हनुवटीचा नुसता फोटो चालेल, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून, म्हणजे माप कळेल. कुणी गोंदलं, कुठं बसून गोंदलं, तेव्हा ती केवढी होती, हेही विचारून लिहा. तुळस मला माझ्या हातावर घ्यायची आहे, म्हणून घाई. रागवायचं असेल तर कागद पाठवल्यावर रागवा.

लोकांना सांगा, टॅटू काढते. स्थळ बघणाऱ्यांनाही हेच सांगा, म्हणजे निम्मे आपोआप गळतील.

कागद घडी न घालता, पुठ्ठ्याच्या नळीत घालून स्पीड पोस्टनं पाठवा. आई, पैसे पाठवलेत, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यातच काढून घे. पावसानं परसातली भिंत ओलली असेल, तर बापूला बोलावून बघून घ्या.

तुमची,
बबडी