फोन ड्रॉवरमध्ये ठेवलात त्याबद्दल

आदरणीय वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. इचलकरंजी कोर्टात मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीच्या खोलीत साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आलेले बापलेक आठवत असतील, तर ते आम्ही.

त्याआधी सहा महिने आम्ही सगळीकडे उभेच होतो. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत काउंटरसमोर उभे. चौकीत गेलो तर "पैशाचं प्रकरण आहे, आमच्याकडे नाही" एवढं ऐकून बाहेर. ज्या क्लासनं माझ्यासमोर टॅब धरून "बोटानं सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणत अठ्ठेचाळीस हजारांचं कर्ज माझ्या नावावर चढवलं, त्याच्या दाराला तर केव्हाच कुलूप लागलेलं. आणि आमचे एक शिकलेले नातेवाईक! चहा पिता पिता म्हणाले, "सही केलीस ना? मग भर." चहा आमचाच होता.

पप्पा मागावर रात्रपाळी करतात. सकाळी आठला पाळी सुटायची, नऊला डोळा लागायचा, सव्वानऊला फोन. "मुलीला शिकवायची ऐपत नाही तर कर्ज काढायला कशाला लावलं?" असं एक पोरगं, माझ्याच वयाचं असेल, पप्पांना विचारायचं. पप्पा त्याला "साहेब" म्हणायचे. मला त्या कर्जापेक्षा त्या "साहेब"ची जास्त लाज वाटायची.

तुमच्यासमोर बसलो तेव्हाही फोन वाजलाच. पप्पा दचकून उठले, बाहेर जाऊन घेतो म्हणाले. तुम्ही हात पुढे केलात. त्यांनी फोन दिला. तुम्ही तो उचलला नाही, कापला नाही, टेबलाचा ड्रॉवर उघडून आत ठेवलात आणि ड्रॉवर लावून घेतलात. आत तो घुंघुं करत राहिला, वरचं स्टॅम्पपॅड थरथरत होतं, आणि तुम्ही शांतपणे माझा शाळा सोडल्याचा दाखला वाचत होतात. मग म्हणालात, "काका, बसा. वाजू दे."

पप्पा बसले. पाठ टेकून बसले, मॅडम. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मग तुम्ही बोटांवर महिने मोजलेत. जन्म ऑगस्ट 2004, सही डिसेंबर 2021. सतरा वर्षं चार महिने. कंपनीच्याच कागदांना माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स जोडलेली होती, जन्मतारीख ठळक. ती इतक्या जणांच्या हाताखालून गेली आणि कुणीच वाचली नाही. की वाचली होती?

1872 चा करार कायदा, कलम 11 वगैरे तुम्ही सांगितलंत, पण माझ्या लक्षात राहिला तो कलकत्त्याचा धर्मोदास घोष. कायद्यानं अल्पवयीन असताना 1895 मध्ये त्यानं वीस हजारांना घरं गहाण टाकली, सावकाराच्या माणसाला त्याचं वय ठाऊक होतं, आणि प्रकरण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं. 1903 चा निकाल: अज्ञानाचा करार मुळातच करार नव्हे. कायद्याच्या मराठीत अल्पवयीनाला 'अज्ञान' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. हसू आलं, आणि पटलंही.

मी घाबरत सांगितलं की अठरा झाल्यावर धमकीला भिऊन एक हप्ता भरलाय, म्हणजे मी मान्य केलं असं ते म्हणतात. तुम्ही म्हणालात, "जे जन्मलंच नाही त्याला मान्यता कसली देतेस?" खरा धोका तुम्ही दुसऱ्याच कागदात दाखवलात. 'सेटलमेंट' म्हणून पप्पांची सही मागणारा तो कागद दुसऱ्या दिवशी आम्ही भरून देणार होतो. माझी सही फुकट गेली म्हणून त्यांना आता एका सज्ञान माणसाची हवी होती.

पुढची पत्रापत्री, तक्रार, सिबिलची, म्हणजे माझ्या नावावरच्या कर्जाच्या नोंदीची, दुरुस्ती तुम्हीच जाणे. संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. फीचं विचारलं तर म्हणालात, बाईमाणसाला इथं उत्पन्नाची अटही नाही, फीही नाही. माझ्या मैत्रिणींना मी आता 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर पाठ करायला लावते.

कायदा तर शाखेतल्या त्या साहेबांनाही माहीत असणार. पण समोरच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला आधी बसवावं, हे कुठल्या कलमात आहे? ते ज्याच्या अंगी असतं त्याच्याच असतं. आमच्या गल्लीतले किराणावाले मामा उधारीची वही गिऱ्हाईक एकटं असतानाच उघडतात, चारचौघांत कधीच नाही. ते आणि तुम्ही एकाच घरचे वाटता.

कर्ज रद्द केल्याचं पत्र गेल्या सोमवारी आलं. पप्पांनी ते दोनदा वाचलं आणि झोपले, ते दुपारी तीनला उठले. आई तेवढा वेळ कुकरही लावत नव्हती, शिट्टीनं जाग येईल म्हणून.

पिशवीतले कागद काढून तुम्ही तुमच्या निळ्या फोल्डरमध्ये लावून दिले होते. ते माझ्याकडेच राहिलंय. पुढच्या आठवड्यात आणून देते.

तुमची,
सतरा वर्षं चार महिनेवाली