कुलपाच्या पाकिटावर आतली माहिती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत घर बंद करून जाणाऱ्यांना ‘चांगले कुलूप लावा’ असे दरवर्षी बजावले जाते. चांगले म्हणजे कोणते, हे मात्र कोणी सांगत नाही. किल्लीवाचून कुलूप उघडण्याचा छंद असलेल्यांना हा फरक हाताला कळतो, म्हणून हे पत्र.

पिनच्या कुलपात किल्ली एका फिरत्या नळकांड्यात शिरते. त्यावरच्या भोकांत पिनांच्या जोड्या आणि त्यांच्या डोक्यावर स्प्रिंगा असतात. योग्य किल्लीने प्रत्येक जोडीचा सांधा नळकांड्याच्या कडेला येतो आणि ते फिरते. भोके तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत. त्यामुळे हलका पीळ दिला की आधी एकच पिन अडकते. ती उचलून बसवली की पुढची अडकते. छंदाचे सारे तंत्र एवढेच. चांगल्या कुलपात भोके नेमकी असतात आणि वरच्या काही पिना डमरूसारख्या मधे बारीक केलेल्या असतात. नळकांडे जरासे फिरून थांबते, पिन बसल्याचा भास होतो आणि हात फसतो.

स्वस्त कुलपात तीन-चार साध्या पिना आणि सैल भोके. पिना नुसत्या खालीवर हलवल्या तरी ते उघडू शकते. तिथे कौशल्याचा प्रश्नच नाही. चार पिना आणि प्रत्येक पिनेच्या पाच शक्य उंच्या धरल्या तर कागदावर ६२५ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. पण सैल भोकांमुळे एका पायरीचा फरक कुलपाला जाणवत नाही, म्हणून दुसऱ्याच कुलपाची किल्लीही कधी चालून जाते. पावसाळ्यात लोखंडी स्प्रिंग गंजून वरची पिन वरच चिकटली, तर ती पिन असून नसल्यासारखी. (खोबरेल तेल घालू नका, त्यात धूळ धरते; ग्रॅफाइटची पूड घाला.)

लीवरच्या कुलपात, म्हणजे पिनांऐवजी किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असलेल्या कुलपात, लीवर किती हा नुसता आकडा पाहून भागत नाही. सगळे लीवर एकाच उंचीला उचलले जात असतील, तर सात काय नि एक काय. किल्लीचे दाते वेगवेगळ्या उंचीचे आहेत का, ते पाहा.

सगळ्यात मोठी खोट खटक्यात असते. वरची दांडी एकाच बाजूला आणि स्प्रिंगच्या खटक्याने अडत असेल, तर पातळ पत्र्याच्या पट्टीनेही खटका मागे सरतो. पिना कितीही असोत. दांडीच्या दोन्ही पायांना खाचा हव्यात आणि त्यांत पोलादी गोळ्या बसायला हव्यात. किंवा किल्ली फिरवल्याशिवाय बंदच न होणारे कुलूप घ्यावे.

धातू ओळखायला लोहचुंबक न्या. चिकटले तर पिवळ्या मुलाम्याखाली लोखंड आहे. नाही चिकटले म्हणून पितळच, असेही नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही ते चिकटत नाही. घरी तळाशी कानस लावली की पितळ आतूनही पिवळे निघते, जस्त करडे. दांडीवर कानस घसरली तर ती कडक केलेली आहे. कीस पडू लागला तर मऊ पोलाद.

युरोपात ईएन १२३२० या मानकात कुलपांना १ ते ६ श्रेणी आहेत. आपल्याकडे आयएस २७५ आहे, पण तो क्रमांक पाहून कुलूप घेणारे ग्राहक किती? पिना किंवा लीवर किती, दांडी कडक केलेली आहे का, ती एका बाजूला अडते की दोन्ही, आणि अंग कोणत्या धातूचे, एवढ्या चार गोष्टी पाकिटावर छापणे सक्तीचे करावे.

अशा उणिवा उघड सांगितल्याने चोरांचे फावते, हा आक्षेप जुना आहे. १८५१ मध्ये लंडनमध्ये हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ‘अभेद्य’ म्हणवले जाणारे ब्रामा कंपनीचे कुलूप १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले, तेव्हाही ओरड झाली होती. छंदी मंडळींचा नियम कडक आहे: फक्त स्वतःच्या मालकीचे कुलूप, आणि तेही वापरात नसलेले. १९९७ मध्ये हॅम्बुर्गला स्थापन झालेला जर्मन क्लब याच छंदाच्या स्पर्धा घेतो. चोराला एवढा धीर नसतो. तो पहार घालून कोयंडाच उपटतो. म्हणून कोयंड्याला बाहेरून दिसणारे स्क्रू नकोत, दारातून आरपार बोल्ट आणि आतून नट हवेत.

आपल्याला एक विनंती. घरफोडीच्या बातमीत ‘कुलूप तोडून’ एवढेच येते. दांडी कापली, कोयंडा उपटला की कुलूप न तुटता उघडले, हे पोलिसांकडून विचारून छापावे. कुलूप बदलायचे की कोयंडा, हे वाचकाला त्यावरून ठरवता येईल.

— कुलपांचा छंद असलेले काही वाचक, पुणे